बिडी सोडल्याचा दाखला

यवतमाळच्या वामनराव ढोले यांनी बिडी सोडून अकरा दिवस झाले होते, आणि या घटनेची शासनदरबारी कुठेही नोंद नव्हती.

नोंद नसली तरी बिघडलं नसतं. पण तीस वर्षं जिनिंगात कापसाच्या गाठी उचलून आणि चाळीस वर्षं बिडी ओढून छातीची पार वाट लागलेली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, बिडी बंद आणि श्वासाचा पंप रोज, नाहीतर पुढचा हिवाळा विसरा. विकतचा पंप परवडणारा नव्हता. सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळे, पण बिडी सोडलेल्यालाच.

"सोडली ना मी!" वामनराव खिडकीपाशी धापा टाकत म्हणाले.

"काका, मले पटते. फाइलीले नाही पटत," दवाखान्याचे कारकून नंदकिशोर बाबू कळवळून म्हणाले. "वस्तीतले पाच साक्षीदार आणा. अन् तुम्हाले ओढताना ज्यानं सोता पाह्यलं, तोच चालते. सोडली का नाही, हे बाकीच्यायले काय मालूम?"

नियम बिनतोड होता. घरी वामनरावांची बायको इंदुताई मात्र भडकल्या. "चाळीस वर्षं ओढली तवा कोणी कागद नाही मागितला. आता सोडली तं पाच सह्या!"

ओढताना पाहिलेली माणसं सगळी हरिसिंगच्या पानठेल्यावर. आता आपल्याकडे कामाचं बोलायच्या आधी बिडी पुढे करायची रीत आहे, आणि ती नाकारली की माणूस महिनाभर तोंड पाहत नाही.

"सही करतो ना भाऊ," हरिसिंग म्हणाला, "पण अकरा दिवस तू इकडे फिरकला नाही. लोक म्हणून राह्यले, वामनराव मोठा झाला. बस आधी."

मोठं झाल्याचा आरोप गरिबाला सोसत नाही. वामनराव बसले. एक बिडी ओढायची ती बिडी सोडल्याच्याच कामासाठी, असं त्यांनी स्वतःला समजावलं. या कामात त्यांचा हात धरणारा वस्तीत कोणी नव्हता. 'वा रे वामन्या, अकरा दिवसांची कमाई एका सहीत!' त्यांनी मनातच स्वतःला शाबासकी दिली. दुसऱ्या सहीला दुसरी बिडी. तिसऱ्याचा पेन सापडेना, म्हणून दोन. पाचवी सही होईस्तोवर सात झाल्या, आणि खोकल्यानं कागद दोनदा हातातून पडला.

बाबूंनी सह्या तपासल्या. "आता मले समक्ष खात्री करा लागते. मागं चला."

दवाखान्यामागे 'धूम्रपान निषिद्ध' पाटीखाली बाबूंनी सिगारेट काढली आणि एक पुढे केली. सरकारी माणसाची सिगारेट परत करायची म्हणजे पंपावर पाणी सोडायचं. वामनरावांनी ती पेटवली. बाबूंनी फाइल गुडघ्यावर ठेवून लिहिलं: 'अर्जदार निर्व्यसनी आहे. समक्ष खात्री केली.'

पंप मिळाला. वामनरावांनी तिथंच घेऊन पाहिला. खरंच बरं वाटलं, डोळ्यांत पाणी आलं.

"दाखला महिनाभरच चालते बरं," बाबू म्हणाले. "पुढच्या खेपेले पाच नवे साक्षीदार पाह्यजे."

"नवे कुठून आणू बापा?"

"कोणी शिकलेला, वाचणारा पाहा. ते लोक काही न विचारता सही करते."

तर वाचकहो, वामनरावांना आता तुम्ही ओळखता. आठ वेळा ओढताना पाहिलंत, हसलात, पण एकदाही 'काका, नका ओढू' म्हणाला नाहीत. अटीत अगदी चपखल बसता. सवडीनं या. दार उघडायला त्यांना जरा वेळ लागेल.