बयाजीरावांच्या दोन बाहूंचे वर्तमान

श्री. ज्या देवाने मनुष्यास हात दोन दिले आणि दोहोंवर डोके एकच ठेविले, त्यास आधी दंडवत. दोन हातांचा तंटा कोणी तोडावा हे मात्र त्याने सांगितले नाही, म्हणोन ही हकीकत लिहिणे प्राप्त जाहले. शके सत्राशे बेचाळीस, विक्रमनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची आम्हांस परवानगी नाही. तेथे श्रीमंत बयाजीराव राज्य करीत होते, आणि त्यांची एकुलती लेक गजराबाई तळ्यापलीकडील संस्थानात सुभानरावांचे घरी सून म्हणोन दिली होती, आणि बाईंस सातवा महिना लागला. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत सर्वांस ठाऊक. रावांनी मेणा पाठविला तो रिकामा परत आला, दुसरा पाठविला तोही रिकामा आला, आणि तिसऱ्यातून व्याह्यांचे पत्र आले की, "आपल्या दरबारी आलेल्या टोपीकर इंग्रजाने आपणांस गोल्फ नामे खेळ शिकविला ऐसे ऐकतो. तर पौर्णिमेस आपल्या काठावर उभे राहोन चेंडू आमच्या काठी धाडावा. तीन टोल्यांत पोहोचला तर सूनबाई पाठवितो. न पोहोचला तर बाळंतपण येथेच." पत्र वाचिले आणि रावांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

आता गंमत ऐसी की टोपीकर लोखंडी टोकाची काठी आणि डझनभर पांढरे चेंडू ठेवोन थंडीतापाने स्वदेशी निघोन गेला होता. खेळ सांगितला, हात कैसे चालवावे हे शिकविणे राहिले. राव जेवता जेवता उठत आणि पळी घेवोन हवेत फिरवीत, दरबारात फिर्यादी बोलत असता यांचे खांदे आपले हलतच. मग रावांचा कारभार पाहणारे मुतालिक निळोपंत पुढे जाहले. पंतांचे म्हणणे, "नैवेद्य उजव्याने, दान उजव्याने, तलवार उजव्याने. मान उजव्याचा. डाव्याने काठीस नुसते बोट लावावे." तैसा हुकूम जाहला, आणि रावांनी उजव्याच्या बळावर टोला हाणिला, आणि चेंडू तळे सोडोन मुदपाकखान्यात शिरला आणि कढीच्या पातेल्यात पडला. मग राव संतापले की, दोघांस सारखा मान द्या! मग दोन्ही हात एकदम, होते नव्हते ते बळ लावोन धावले, आणि काठी वीतभर जमिनीत रुतली, आणि कोपरांस झिणझिण्या आल्या, आणि चेंडू बसल्या जागी बसोन राहिला. पौर्णिमेस सहा दिवस उरले. रावांस अन्न गोड लागेना.

ऐसे येरझारा घालीत राव हत्तीखान्यामागे आले. तेथे तुळयांसाठी ओंडके कापणे चालले होते. धाकू करवत्या एका टोकास आणि त्याची बायको तुळसा दुसऱ्या टोकास, मध्ये पुरुषभर लांब करवत. राव पाहत राहिले. तिचा हात लांब जाहला की त्याचा मुडपलेला, त्याचा लांब जाहला की तिचा मुडपलेला, आणि लाकूड लोण्यासारखे उतरत होते. रावांनी पुसिले, "दोघे एकदम जोर का करीत नाही?"

तुळसा करवत न थांबविता म्हणाली, "मंग पातं वाकंल की, सरकार! ह्यो वढतो तवा म्या सैल सोडते, म्या वढते तवा ह्यो सोडतो. ढकलायचं न्हाई. लगीन झालं तवा ह्यो लई ढकलायचा. म्या चार दिस बोलले न्हाई ह्याच्याशी."

"पाच," धाकू म्हणाला.

रावांनी तिथल्या तिथे काठी मागविली. तुळसेने ती उलटीसुलटी पाहिली, आणि रावांचे दोन्ही हात तीवर जवळ जवळ बसविले, आणि म्हणाली, "आता मागं न्या. डावा सरळ ऱ्हाऊ द्या, उजवा कोपरात मुडपा. खाली येताना डाव्यानं वढा, उजव्याचं कोपर बरगडीपाशी येऊ द्या. चेंडवापाशी आलं की उजवा लांब हुईल, अन् फुडं गेलं की डावा आपसूक मुडपंल."

काठीसंगे आलेले निळोपंत कळवळोन म्हणाले, "म्हणजे आधी डावा ओढणार?"

"पंत, तुमी जरा लांब हुबं ऱ्हा. लागंल."

"आणि जोर कधी करावयाचा?" रावांनी पुसिले.

"त्यो आपसूक येतो. तुमास्नी घाई लई हाय, सरकार."

पौर्णिमा उजाडली. तळ्याची ती बाजू तीनशे हात रुंद. पलीकडे सुभानराव, आणि छत्रीखाली गजराबाई उभ्या. लेक दिसली आणि रावांचा उजवा हात वेड लागल्यासारखा पुढे धावला, आणि चेंडू पाण्यात गेला. दुसरा टोला नीट बसला, लोक ओरडले, परंतु चेंडू पलीकडल्या काठापासोन दोन हात अलीकडे चिखलात रुतला. राहिला एक. एकदाचे मारोन मोकळे व्हावे ऐसे रावांस जाहले, इतक्यात पलीकडे उभे राहोन थकलेली लेक खाली बसली. ती किती जड जाहली आहे हे रावांनी तेव्हा पाहिले. रावांनी संगे आणिलेली तुळसा मागोन हळूच म्हणाली, "ज्याची त्याची पाळी येऊ द्या." राव थांबले. मग काठी मागे गेली, डावा सरळ, उजवा मुडपलेला, आणि डाव्याने ओढिले, आणि उजवा आपल्या वेळेस आला, आधी नाही, आणि चेंडू उंच गेला आणि पलीकडल्या गवतात पडला, आणि घरंगळत सुभानरावांच्या जोड्याशी थांबला.

राव नावेतोन उतरले तो बाई मेण्यात बसल्या होत्या. भोयांनी मेणा उचलिला, परंतु तो हलेना. पाहतात तो सुभानरावांनी दांडी धरिली आहे. राव चिडोन दांडीस हात घालणार, इतक्यात व्याही म्हणाले, "आमची मंडळी देवाघरी गेल्यापासोन घर खायला उठते. ही स्वयंपाकघरात कोणाला रागे भरते, तेवढाच काय तो आवाज. परत धाडाल ना?" रावांचा हात वरच राहिला. महिनाभर ज्यास क्षणाचा धीर नव्हता तो पुरुष तेथे उगा उभा राहिला, आणि बऱ्याच वेळाने सुभानरावांची बोटे एकेक करोन सुटली.

सारांश, फाल्गुनात बाईंस कन्या जाहली, आणि तुळसेस लुगडे व धाकूस पागोटे मिळाले. चैत्रात बाई सासरी निघाल्या. राव मेण्याची दांडी धरोन काठापर्यंत चालत आले आणि नावेपाशी दांडी न सोडता तैसेच उभे राहिले. ऊन डोक्यावर आले. पलीकडल्या काठी सुभानराव उभे होते. त्यांनी ना निरोप धाडिला, ना हाक मारिली.