गोजराक्का आणि दोषी फांद्या

एका जंगलात, बाळांनो, झाडं उदंड होती आणि सभा त्याहून उदंड. तिथं गोजराक्का नावाची म्हातारी वानरीण राहायची. लेकीला नुकतीच पोर झाली होती. त्या नातीला पोटाशी धरून उंबराच्या शेंड्यावर न्यायचं आणि उगवता सूर्य दाखवायचा, एवढी एकच हौस अक्काला उरली होती.

एकदा अक्का उंबराच्या हातभर उंच फांदीवरून घसरली आणि मनगट मोडलं.

टोळीची रीतच होती. कुणाचं हाड मोडलं की सभा भरायची, फांदी दोषी ठरायची आणि ती तोडली जायची. तशी ती तोडली. अक्काला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग साळिंदर वैद्य आला. साळिंदर जंगलात पडलेली हाडं कुरतडतो, त्यामुळे हाडांतलं त्याला बरंच कळतं.

“अक्का, फांदी धड होती. तुमचं हाड आतून पोकळ होत चाललंय. उतारवयात होतं असं, बायकांना तर जास्तच. कोवळ्या उन्हात बसा, शेवग्याचा पाला खा, रोज थोडं चढा-उतरा.”

अक्काचा पारा चढला. चार पोरं पाठीवर वाढवली, आणि हा म्हणतो हाडं पोकळ! शिवाय शेवगा तिला जन्मात आवडला नव्हता. तिनं वैद्याला वाटेला लावलं. टोळीनं मायेनं तिला दाट सावलीत बसवून ठेवलं, जागची हलू दिली नाही.

महिन्याभरात ती पाय मोकळे करायला उठली आणि शेवग्याखाली अडखळली. पाय मोडला. शेवगा मुळापासून गेला. पुढं उंबराची फांदी धरून उठताना खांदा निखळला, तेव्हा उंबराच्या उरलेल्या फांद्या गेल्या. उंबराचा नुसता खांब उरला. अक्काला जमिनीवर मऊ गवतात ठेवलं. आता पडणार कुठून?

एका सकाळी ती नातीला उचलायला वाकली आणि पाठीचा मणकाच मोडला.

सभा भरली. जमीन तोडता येईना. शेवटी ठरलं, वैद्याचीच नजर लागली. साळिंदराला हद्दपार केलं.

गवतात पडल्या पडल्या अक्का लेकीला हळूच म्हणाली, “शेवग्याचा थोडा पाला आणतेस?”

“शेवगा तर तुझ्यासाठीच तोडला ना, आई,” लेक म्हणाली.

नात खांबाकडे बघत बसली होती. तिला शेंड्यावर नेणारी आजी आता उठू शकत नव्हती, आणि चढायला फांदीही नव्हती.

तात्पर्य: हाड मोडलं की आधी फांदी तोडावी. हाडांची चौकशी केली तर पाला खावा लागतो, उन्हात बसावं लागतं. त्यापेक्षा जंगल तोडणं केव्हाही सोपं.