बनसोडे अण्णांचा डावा हात

बनसोडे अण्णा समोरून येताना दिसले की लोणंदची माणसं पटकन हातात काहीतरी घ्यायची. पिशवी, छत्री, नाहीतर शेजाऱ्याचं पोर. काहीही चालायचं, दोन्ही हात भरलेले दिसले म्हणजे झालं. कारण अण्णा भेटले की हात पुढं करायचे, आणि तोही डावा. तुमचा डावा हात त्यात पडेपर्यंत तो तसाच धरून ते हसत उभे राहायचे.

आपल्याकडं डाव्या हाताला कोणती कामं नेमून दिलेली आहेत हे काही मी सांगायला नको. देवाला, पानाला, पैशाला आणि पाहुण्याला तो चालत नाही. पण अण्णा स्काऊट होते, आणि स्काऊट डाव्या हातानंच हात मिळवतो. का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. "डावा हात काळजाच्या बाजूचा, सर. उजव्यानं काय, कुणीबी व्यवहार करतंय."

एकदा कांद्याच्या बाजारात त्यांनी एका आडत्यापुढं सकाळी सकाळी डावा हात केला. अजून भवानीही झाली नव्हती. आडत्यानं गाळ्यात पाणी शिंपडलं, उदबत्ती लावली आणि दुपारी कांद्याचा भाव पडला तेव्हा त्याचं खापर अण्णांवर फोडलं. भाव त्या आठवड्यात सगळ्या मुलखात पडला होता. आपला हात एवढा लांबवर पोचतो हे अण्णांनाही ठाऊक नव्हतं.

मुलीच्या सोयरिकीच्या वेळी तर कहर झाला. रहिमतपूरहून मुलाचे वडील आले, अण्णांनी त्यांना डावा हात दिला. पाहुणे चहा पिऊन गप्प निघून गेले आणि चार दिवसांनी त्यांचा माणूस चौकशीला आला. मुलीच्या बापाचा उजवा हात अधू आहे, तर हे दुखणं घराण्यातलं आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. अण्णांनी त्या माणसादेखत उजव्या हातानं ज्वारीचं पोतं उचलून दाखवलं. लग्न झालं. बनसोडे वहिनी अजून ते पोतं विसरलेल्या नाहीत.

"आवं सर, तुमी तरी सांगा ह्यास्नी," त्या मला म्हणायच्या. "जावाय दारात आला तरी हे चड्डीवर! पन्नाशीचा माणूस हाय का शाळंतलं पोर?"

मी काय सांगणार? माझा स्वभावच असा की कुठल्याही गोष्टीचा शेवट मला आधी दिसतो, आणि तो बहुधा वाईटच असतो. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. चित्रकलेच्या मास्तरला काम नसतं अशी हेडमास्तरांची समजूत होती, त्यामुळं स्काऊट माझ्या गळ्यात पडला होता. दर शनिवारी मी मुलांना ओळीत उभं करायचो आणि घरी सोडायचो. असं बरं चाललं असताना एके दिवशी खाकी हाफचड्डी, गळ्यात स्कार्फ, कमरेला शिट्टी असा एक काळासावळा दणकट माणूस शिक्षकांच्या खोलीत येऊन उभा राहिला.

"मी सखाराम बनसोडे. ठेसनावर पॉइंट्समन हाय. ल्हानपणी दोन वर्सं स्काऊट हुतो. पोरास्नी मी शिकवतो. मला काय नको."

'मला काय नको' हे वाक्य त्या खोलीत पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. हा निवडणुकीला उभा राहणार, असं आमच्या गणिताच्या सरांनी त्याच दिवशी सांगून टाकलं.

अण्णा कशालाच उभे राहिले नाहीत. ड्यूटी संपली की मैदानावर. पोरांना गाठी शिकवायच्या, दिशा ओळखायला शिकवायचं, तीन दगडांची चूल मांडायची. गाठींचं वेड तर घरापर्यंत गेलं होतं. एकदा त्यांनी शेळीलाही झटक्यात सुटणारी गाठ मारली. "आग लागली तर जनावर एका ओढीत मोकळं झालं पायजे," हा विचार. आग काही लागली नाही, पण ती ओढ शेळीला दुसऱ्याच दिवशी जमली आणि तिनं शेजारच्यांची मेथी साफ केली.

सगळ्यांत मोठा ताप त्यांच्या सत्कृत्याचा होता. स्काऊटनं रोज एक तरी चांगलं काम करायचं असतं. अण्णा सकाळी स्कार्फच्या टोकाला एक गाठ मारायचे आणि काम झाल्यावरच ती सोडायचे. दुपारपर्यंत गाठ सुटली तर गाव सुखी. संध्याकाळ झाली आणि गाठ तशीच असली की अण्णा गल्लीगल्लीतून परोपकार करत सुटायचे. कुणाची चांगली सायकल उलटी करून दुरुस्त करायचे, कुणाचं ओझं नको नको म्हणताना डोक्यावरून उतरवून घ्यायचे. दिवेलागणीला स्कार्फ दिसला की बाया दारं लोटून घ्यायच्या. मी तर चित्रांच्या कागदांची मोठी गुंडाळी दोन्ही हातांनी छातीशी धरूनच शाळेतून निघायचो. हात मिळवणं नको आणि उपकारही नकोत.

पण खरं सांगायचं तर पोरांना अण्णा आवडायचे. स्काऊटमुळं दहावीला गुण वाढतात अशी आवई उठली होती, तेव्हा तर मैदानात उभं राहायला जागा नसायची. पुढं ती आवई विरली. शनिवारी शिकवण्या लागल्या, टीव्हीवर क्रिकेट आलं आणि मैदान मोकळं होत गेलं. अण्णा खचले नाहीत. "शिबिर घेऊ, सर. तीन दिवस माळावर. एकदा पोरगं शिबिराला आलं की ते जलमभर सुटत न्हाई."

शिबिराची घोषणा झाली आणि पोरं खरंच परत आली. अण्णांनी नियम सांगितला. सगळ्यांनी मिळून रांधायचं, एकच पातेलं, आणि पहिल्या दिवशीचा भात अण्णा स्वतः करणार.

दुसऱ्या दिवसापासून पालक यायला लागले. सगळी सज्जन माणसं. "पोरगं येतंय की, अण्णा. पर डबा घरनं दिऊ. त्याला भायरचं सोसत न्हाई." दुसरे म्हणाले, "आमच्यात सोमवार पाळत्यात." तिसऱ्यांच्यात गुरुवार निघाला. निम्म्या पोरांना एकाएकी पोटाचे विकार जडले आणि उरलेल्यांना उपवास लागले. डाव्या हाताबद्दल उघड चेष्टा करणारी माणसं या बाबतीत फारच हळू आणि गोड बोलत होती. अण्णांच्या घराण्यानं छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला, म्हणजे त्याच्या आधी ते कोण होते, याचा हिशोब गावाला पाठ होता.

हेडमास्तर म्हणाले, "आणू देत की डबे. काय बिघडतं?"

"मग शिबिर कशाला?" अण्णा म्हणाले. "डबा तर शाळंत बी खात्यात." हसऱ्या माणसाचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

आठवडाभरानं ते माझ्याकडं आले. त्यांचा बेत तयार होता. त्यांच्या लहानपणच्या पथकात त्यांचा संघनायक होता जयसिंग. मोठ्या बागायतदाराचा मुलगा. आता विट्यात बंगला, भागात शब्दाला वजन. "जयसिंगराव शिबिराला येऊ द्यात. पोरांच्या आईबापासमोर माझा डावा हात धरू द्यात आन पातेल्यातला पयला घास घेऊ द्यात. मग बघू कुणाचं पोट दुखतंय! एवढ्या माणसानं खाल्ल्यावर लोणंदची काय बिशाद?"

मला शेवट दिसत होता. तरी एका रविवारी मी त्यांच्याबरोबर एस.टी.त बसलो. एवढ्या लांब एकट्यानं जायला ते बिचकत होते, हे मला नवीनच होतं. धुतलेला गणवेश, इस्त्री केलेला स्कार्फ, टोकाला सकाळची गाठ. वाटेत गाडी बदलताना त्यांनी दोनदा मला विचारलं, "वळकंल न्हवं का हो?"

बंगला मोठा होता आणि रिकामा होता. मुलं लांब दक्षिणेत सोनं गाळण्याच्या धंद्यात. व्हरांड्यात खुर्चीवर जयसिंगराव बसलेले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. सून बाहेर आली. "मामंजींची उजवी बाजू गेली, वर्स होत आलं. बोलल्यालं बी समजत न्हाई. तुमी कुठलं?"

अण्णा खुर्चीसमोर ताठ उभे राहिले, तीन बोटांनी सलाम केला आणि म्हणाले, "मी सखाराम. बनसोड्यांचा. आपल्या पथकातला."

जयसिंगरावांनी नुसतं पाहिलं. अण्णांनी डावा हात पुढं केला. बराच वेळ काही झालं नाही. मग जयसिंगरावांचा डावा हात हळूहळू वर आला आणि त्यानं अण्णांचा हात धरला. घट्ट धरला. अण्णांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडं बघावं लागलं.

हात सुटेना. शेवटी सून पुढं आली. "धरलं की सोडत न्हाईत वं. दूधवाल्याचं बी असंच धरत्यात." असं म्हणून तिनं सासऱ्यांची बोटं एकेक करून उलगडली.

शिबिराचं कुणी बोललंच नाही. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

परतीच्या गाडीत मला काहीतरी बोलायला हवं होतं. दिलासा देणं हे माझं काम नव्हे, पण म्हणालो, "अण्णा, डावाच दिला की त्यांनी."

"उजवा मेलाय त्यांचा, सर. मला दिसत न्हाई व्हय?"

गाडी बदलून बसल्यावर ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

"मास्तरांनी पयल्या दिवशी वळीत हुबं केलं. म्हणलं, शेजाऱ्याचा डावा हात धरा. माझ्या शेजारी हा. समदी पोरं थांबली, आता हा काय करतोय म्हून. ह्यानं धरला. तवर गावात आमचा हात कुणी धरला नव्हता, सर. उजवा न्हाई आन डावा बी न्हाई. पुढं शिबिरात भात मी शिजवला. पयला घास ह्यानं घेतला, मग समद्यांनी. तीन दिवस एक पातेलं."

"मग?"

"मग काय? शिबिर सरलं. चालत गावाकडं आलो. वेशीत त्याचा बा हुबा हुता. त्याला बघितलं आन ह्यानं दोन्ही हात खिशात घातलं." अण्णा हसले. "त्यानंतर ह्यो माणूस मला लय येळा दिसला. लग्नात, बाजारात. लांबनं नमस्कार करायचा. हात कवा काढला न्हाई. मला वाटलं, चाळीस वर्सं झाली. आता गाव बदाललं आसंल."

शिबिर झालं नाही. पुढच्याच शनिवारी हेडमास्तरांनी पोरांना सांगून टाकलं आणि पोरं आनंदानं शिकवण्यांना गेली. उपवास आणि पोटाचे विकार त्याच दिवशी बरे झाले. शेवट मला आधी दिसला होता, त्याचं मला काडीइतकं समाधान वाटलं नाही. उलट आपण एकदा तरी खोटं ठरायला हवं होतं, असं फार वाटलं.

पण मी सांगत होतो त्या रविवारची गोष्ट. आम्ही लोणंदला उतरलो तेव्हा ऊन उतरलं होतं. स्टँडसमोरच्या गल्लीत स्कार्फ दिसताच एका बाईनं लगबगीनं कडी घातली. चहावाल्यानं दोन्ही हातांत कपबश्या घेतल्या. अण्णांच्या हे ध्यानात येत नाही असं मला तोवर वाटत होतं. त्या दिवशी कळलं की त्यांना सगळं दिसायचं, पहिल्यापासून.

त्यांनी स्कार्फचं टोक चाचपलं. "आजची गाठ ऱ्हायली, सर," असं म्हणून ते उगाच इकडंतिकडं बघत उभे राहिले. कुणाचं काही अडलेलं नव्हतं.

माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती. तिच्यात रिकामा डबा आणि वर्तमानपत्र.

"अण्णा," मी म्हणालो, "खांदा फार भरून आलाय. एवढी पिशवी घरापर्यंत आणता का?"

त्यांनी पिशवी घेतली. तिचं वजन त्यांना कळलं नसेल असं नाही. पण दारापर्यंत ती त्यांनी जपून आणली. दारात पिशवी माझ्याकडं दिली, स्कार्फची गाठ सोडली आणि टोक हातानं नीट सरळ केलं.

"येतो, सर," ते म्हणाले आणि त्यांनी डावा हात पुढं केला.

माझ्या डाव्या हातात पिशवी होती. ती मी खाली ठेवली.