खांबेटे जहाजावर निघाले

सागरदर्शन सोसायटीने प्रभाकर खांबेट्यांना बँड लावून निरोप दिला आणि ते सपत्नीक, कायमचे, जहाजावर राहायला निघाले. सोसायटीच्या इतिवृत्तात यातलं काहीही नाही आणि इतिवृत्तात नाही ते डोंबिवलीत घडत नाही. तेव्हा तो बँड वाजलाच नाही असं धरू आणि एका साध्या रविवारपासून सुरुवात करू.

त्या रविवारी खांबेटेकाकांचा पुतण्या अद्वय ठाण्याहून, टेंभी नाक्यावरून आला आणि त्याने मोबाइलवर एक जहाज दाखवलं. फिरायचं नव्हे, राहायचं. लोक घर भाड्याने देऊन त्यावर मुक्काम टाकतात आणि जहाज जगभर हिंडत राहतं.

"काका, नाश्ता, जेवण, लाँड्री, झाडूपोछा, डॉक्टर, सगळं इन्क्लुडेड. महिन्याचा एकच आकडा."

"आणि लिफ्टची दुरुस्ती?"

"तीपण त्यांचीच."

काका आरामखुर्चीत ताठ बसले. निम्मं आयुष्य ते सोसायटीचे खजिनदार होते. लिफ्टची दुरुस्ती दुसरंच कोणीतरी करणार, हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. इकडे मेंटेनन्स, गॅस, दूध, भांडीवाली आणि सुमतीकाकूंच्या गुडघ्याची फिजिओथेरपी. तिकडे केबिनचा आकडा, वजा पेन्शन, वजा या फ्लॅटचं येणारं भाडं. सगळं जुळून वर थोडं उरतही होतं. ते त्यांनी 'किरकोळ समुद्र' या सदरात टाकलं.

"अगं ऐकलंस का, आपल्याला डोंबिवली परवडत नाहीये. समुद्र परवडतोय."

सुमतीकाकू मेथी निवडत होत्या. "तिथे स्वयंपाक कोण करणार?"

"ते लोक."

"रोज?"

"रोज. तिन्ही वेळा."

काकूंनी जुडी अर्धी निवडून तशीच खाली ठेवली. लग्न झाल्यापासून त्यांनी अर्धवट सोडलेली ती पहिली भाजी. "मग कधी निघायचं?"

काकांनी लगेच कंपनीला फोन लावला आणि सोसायटीच्या सवयीने पहिला प्रश्न विचारला, "तुमचा सिंकिंग फंड किती आहे?" पलीकडून फोन कट झाला. पुढचा पत्रव्यवहार अद्वयने अंगावर घेतला.

बातमी जिन्याने उतरली. सेक्रेटरी मितेश धापा टाकत वर आला.

"काका, आता तुमचं केळवण करायला पाहिजे."

"अरे, केळवण लग्नाआधी करतात."

"घरजावईच चाललात की समुद्राचे. उद्या रात्री आमच्याकडे. काकू, गॅस पेटवायचा नाही हां."

मितेशने केलं म्हटल्यावर बाकीचे मागे कसे राहणार? मजल्यामागून मजले पेटले. तळमजल्यावरच्या कलावतीबाईंनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली आणि वाढता वाढता विचारलं, "जहाजार मासे फुकट गावतत काय ओ?"

"आम्ही खात नाही हो मासे."

"मगे इतक्या पाण्यात जाऊन करतल्यात काय?"

काकांनी आणखी एक आंबोळी घेतली.

मग सोसायटी अपुरी पडायला लागली. आंबिवलीच्या जुन्या ऑफिसमित्राने पुरणपोळ्या घातल्या. खडवलीला काकूंच्या मामेबहिणीने जेवणानंतर दोघांना नदीत पाय बुडवून बसवलं, पाण्याची सवय व्हावी म्हणून. समुद्रात मळमळतं म्हणून जो तो आवळासुपारी देत होता. अख्ख्या जहाजाचं पोट जाग्यावर राहील एवढी आवळासुपारी घरात जमली. आणि काकूंनी कुकर, पोळपाट, लाटणं उचलून भांडीवालीला देऊन टाकलं.

"राहू दे की," काका म्हणाले.

"कशाला? समुद्रात पोळ्या लाटू?"

त्याच दुपारी अद्वयचा फोन आला. "काका, एक लोचा झालाय. तो आकडा केबिनचा नाहीये. माणशी आहे."

काकांना हे पचेना. आयुष्यभर त्यांनी फ्लॅटमागे पैसे भरले होते. आत दोन माणसं राहोत की बारा, मेंटेनन्स तेवढाच. मागे मितेशने पाणीपट्टी माणशी लावायचा ठराव आणला, तेव्हा भर सर्वसाधारण सभेत "ही सोसायटी आहे की धर्मशाळा?" असं विचारून तो काकांनीच पाडला होता. समुद्र डोकी मोजेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आता त्यांच्या ऐपतीत एकच जण मावत होता, आणि दुसरा मागे राहिला की फ्लॅटचं भाडंही बुडणार होतं.

ते सांगायला स्वयंपाकघरात गेले. काकू रिकाम्या ओट्याकडे बघत गुणगुणत होत्या. काका पाणी पिऊन परत आले.

मात्र महिनाअखेरीला त्यांनी खर्च पाहिला आणि ते थरारले. सिलिंडर तसाच भरलेला. भाजी, किराणा, तेल शून्य. राहणं महाग होतं, जाणं त्याहून महाग होतं, पण निघणं जवळजवळ फुकट होतं. एवढा मोठा शोध लागूनही तो कोणाला सांगता येईना, याचंच त्यांना वाईट वाटलं.

मग जहाजाला उशीर व्हायला लागला. आधी इंजिनाचा पार्ट मिळेना, मग रंगकाम निघालं, मग कप्तानाच्या घरी सुतक आलं. काकांच्या प्रत्येक बातमीला सोसायटी हळहळली आणि हळहळीसोबत डबा आला. शेवटी मितेशनेच मुहूर्त काढला, गणेशोत्सवाच्या शिलकीतून बँड ठरवला, शाल-श्रीफळ दिलं आणि दोघांना बॅगांसकट टॅक्सीत बसवलं. कलावतीबाई रडल्या. टॅक्सी टेंभी नाक्याला गेली, अद्वयकडे दोघं जेवली आणि दिवेलागणीला सागरदर्शनच्या फाटकात परत उभी राहिली.

"काका? जहाज?" मितेशच्या हातात अजून हारांच्या पाकळ्यांची पिशवी होती.

"लेट आहे."

"किती?"

"सांगत नाहीत."

घरात आल्यावर काकांनी एका दमात कबुली दिली. "सुमती, तो आकडा माणशी होता."

"माहितीये."

"कधीपासून?"

"त्याच रविवारपासून. मोबाइलवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. तुमचा चष्मा जुना झालाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, तिन्ही वेळा. मला काय, समुद्र हवा होता?" काकूंनी शाल घडी करून बाकीच्या शालींवर ठेवली. "आता कुकर नाही, पोळपाट नाही. काय ते तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणी बसली. बँडचा खर्च कुठे दाखवायचा हे कोणालाच सुचेना, म्हणून निरोप दिलाच नव्हता असं एकमताने ठरलं. साहजिकच डबेही थांबले. काका सकाळभर बसले आणि त्यांनी सोसायटीच्या तक्रारपेटीत पुढील अर्ज टाकला.

"मा. सेक्रेटरी यांस, विषय : कायमस्वरूपी निरोप मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आम्ही उभयता जहाजावर जाण्यास निघालो असून यापुढेही निघालेलेच राहू. सबब आमची नोंद 'निघालेले सभासद' अशी करण्यात यावी व प्रत्येक मजल्यास एकेक वार लावून देऊन आमच्या जेवणाची व्यवस्था व्हावी. निघालेल्या सभासदांस कोणताही आकार लावणे झाल्यास तो पूर्वापार पद्धतीनुसार फ्लॅटमागेच लावावा. पोळ्या मात्र माणशी मोजाव्यात, ही नम्र विनंती."