माईसाहेबांची वांगी

साडेसातची सीरियल ऐन रंगात आली होती. तन्वीची जाऊ दुधाच्या पेल्यात कसलीशी पूड टाकत होती, तन्वी गाणं गुणगुणत जिना उतरत होती आणि नलूबाई खाटेच्या काठावर सरकून तिला बजावत होत्या, "पिऊ नको वो पोरी!" तेवढ्यात घरातला बल्ब भक्कन लखलखला, टीव्हीत फट्कन आवाज झाला आणि तन्वी, जाऊ, दूध, जिना, सगळं एका ठिपक्यात जाऊन विझलं. मागून धूर निघाला.

दुसरी कोणी असती तर टीव्हीसाठी हळहळली असती. नलूबाईंच्या मनात मात्र एकच आलं, "आता उद्या टेम्पोत काय सांगू?"

त्यांचं घर बाभुळगाव या तालुक्याच्या गावाच्या टोकाला, दवाखान्याच्या विजेच्या लाइनीवर. लोडशेडिंगनं त्या वर्षी जिल्ह्याचा जीव नकोसा केला होता. आसपासच्या खेड्यांत संध्याकाळ झाली की अंधार, पण नलूबाईंकडे दिवा आणि टीव्ही दोन्ही चालू. दिवा कोणासाठी जळतो, हा प्रश्न विचारायचा नाही. मालक जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा संघदीप पुण्याला कंपनीत. तो दर रविवारी फोन करायचा, "जेवली काय?" विचारायचा आणि "जेवली" म्हटलं की ठेवून द्यायचा. टीव्ही त्यानंच पाठवला होता.

पोटाची ददात नव्हती, पण घर खायला उठायचं. म्हणून नलूबाईंनी कापूस वेचायला जायला सुरुवात केली. टोळीची मुकादम विमलताई, जिभेनं मिरचीचा ठेचा. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "शहरातल्या बाईले टोकाचा तास द्या." तास म्हणजे पराटीची, कपाशीच्या झाडांची, ओळ. टोकाच्या तासाला ना कोणाशी बोलणं, ना कोणाचं ऐकणं. घरी भिंती होत्या, इथं पराट्या, एवढाच काय तो फरक. नलूबाई आठ दिवस तशाच मुक्यानं वेचत राहिल्या आणि घरी येऊन रडल्या.

मग एक दिवस पायलनं, टोळीतल्या सगळ्यात तरण्या पोरीनं, लांबून हाक मारली, "ओ नलूबाई, तुमच्याकडं लाइन राह्यते ना? काल तन्वीचं काय झालं वो?" नलूबाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या मधल्या तासाला होत्या. टेम्पोत बसायलाही जागा मिळाली, तीही टायरावर नाही, फळीवर. त्या साली बाप्ये जमले की कापसाचा भाव नाहीतर कोणाच्या तरी घरचं रडणं, दुसरं बोलणंच नव्हतं. बायांना तन्वी हवी होती.

आणि आता तन्वीच जळाली होती.

सकाळी टेम्पो सुटायच्या आत पायलनं विचारलं, "मंग? पेली काय ते दूध?"

"पेली," नलूबाई म्हणाल्या. एकदा खोटं तोंडातून निघालं म्हटल्यावर पुढचं सोपं होतं. तन्वी जिन्यावरून पडली, तिची याददाश्त गेली. दुपारपर्यंत तिच्यासारखीच दिसणारी दुसरी पोरगी बंगल्यात शिरली. चहाच्या सुट्टीनंतर हिऱ्यांचा हार चोरीला गेला. सीरियली जशा चालतात तशीच त्यांनी ती चालवली, वर मधेमधे तोंडानं ढँग ढँग वाजवलंसुद्धा.

"हार जावेच्या कपाटात सापडते, नाई?" अपेक्षा म्हणाली. ती दोन लेकरांची आई, तिला जांभई आली होती.

"तुले कसं समजलं?"

"हे तं मांगच्या सीरियलमधी झालं बापा. त्याच्या मांगच्यातबी झालं."

दुसऱ्या दिवशी अपेक्षा चार तास सोडून पलीकडच्या ओळीत गेली. तिसऱ्या दिवशी पायलही तिच्या मागं सरकली. नलूबाईंनी घाईघाईनं एक साधू आणला, एक पुनर्जन्म आणला, हेलिकॉप्टरही आणलं. कोणी मान वर करून पाहिलं नाही. विमलताई म्हणाली, "उद्यापासून पुन्हा टोकाचा तास घ्या, नलूबाई. मधात कापूस राहून राह्यला."

नलूबाईंना काय करावं ते सुचेना आणि डोक्यात सीरियलीतलं काही उरलं नव्हतं. घाबरून त्या बोलून गेल्या, "आन् मंग तन्वीची सासू हाय ना, माईसाहेब, ते दारावर वांगे घेते."

"कोण? ते झुंबराखाली राह्यते ते?" पायलनं वळून विचारलं.

"हो. लेक परदेशात. बंगल्यात एकटीच. दारावर भाजीवाली येते. माईसाहेबाले पाव किलो वांगे पुरते. पण पाव किलो घेतले की भाजीवाली दोन मिनिटात चालली जाते. म्हणून ते म्हणते, दोन किलो दे, आज पाहुणे येऊन राह्यले."

अपेक्षाचा हात बोंडावर थांबला. "आन् पाहुणे?"

"पाहुणे कुठचे वो! भाजीवाली विचारते, कोण येऊन राह्यलं? माईसाहेब म्हणते, लेक येते, सून येते. नात हाय एक, तिले भरीत आवडते. असं बोलता बोलता अर्धा घंटा जाते. मंग ते दार लावून घेते आन् दोन किलो वांग्याकडं पाहत बसते."

सगळी टोळी थांबली. बांधावरून शेताचे मालक बापूजी ओरडले, "अवो बायांनो, झाडं पाहून राह्यल्या काय? हात चालवा!" हात चालले, पण सगळे नलूबाईंच्याच बाजूला.

मग जे सुरू झालं ते नलूबाईंच्याही हातात राहिलं नाही. माईसाहेबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा वांगी घेतली, कारण पाहुणे राहिले होते. नातीला ताप आला, म्हणून भाजीवालीनं लिंबं फुकट दिली. ताप उतरला, तर तिनं विचारलं, "पोरगी बाहीर काहून नाई खेळत?" एक खोटं निभवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. शेवटी भाजीवाली म्हणाली, "उद्या मी आतमधी येऊन पाह्यतो नातीले," आणि त्या दिवशी टेम्पो आला तरी बाया शेतातून हलेनात. "उद्या काय करन वो माईसाहेब?" यावर रस्ताभर भांडणं झाली. हिऱ्यांच्या हाराचं काय झालं हे कोणी चुकूनही विचारलं नाही.

शेजारच्या गावातल्या बाया नलूबाईंच्या टोळीत यायला लागल्या. वेचणीला बाई मिळेना असे ते दिवस. पलीकडचे शेतकरी प्रेमसिंग थेट घरीच आले. "तुम्ही फक्त या, नलूबाई. वेचू नका पायजे तं. बाया आपोआप येतीन." हे कळल्यावर बापूजींनी त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विनवलं, "बाई, माहा दुसरा वेचा होऊ द्या. तोपर्यंत त्या भाजीवालीले आत येऊ देऊ नका."

नलूबाईंनी भाजीवालीचा पाय मुरगाळला आणि बापूजींचा दुसरा वेचा निघाला.

अशात टीव्ही दुरुस्त करणारा कपिल एका संध्याकाळी टीव्ही घेऊन आला. नलूबाई धास्तावून बसल्या. खरी माईसाहेब काय करून राहिली असेल? साडेसात वाजले. पडद्यावर कोणीतरी गाण्याच्या स्पर्धेत रडत होतं.

"माही सीरियल कुठी गेली रे?"

"ते तं बंद पडली ना काकू. तुमचा टीव्ही जळाला, त्याच आठवड्यात."

कपिल गेला. नलूबाईंनी टीव्ही बंद केला. महिनाभर त्या नसलेल्या सीरियलची गोष्ट सांगत होत्या. आता टेम्पोतली जागा गेली, मधला तास गेला, "काय वो नलूबाई" म्हणणारी माणसं गेली. त्यांना जेवण गेलं नाही.

सकाळी कापसात पाय ठेवताच त्यांनी ओटीची गाठ बांधता बांधता सांगून टाकलं, "बायांनो, ते सीरियल केव्हाचीच बंद पडली. मी आपल्याच मनानं सांगत होती."

पायल म्हणाली, "हो. माह्या मावशीनं अमरावतीहून फोन केलता, तवाच समजलं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुम्ही बंद केलं असतं ना!" अपेक्षा हसली. "आन् माईसाहेबाच्या घरी दोन सुना आन् सहा नोकर होते वो. ते कायले दारावर भाजी घेईन? आमी महिनाभर तुमच्या डब्यातले वांगे खाऊन राह्यलो, नलूबाई. एवढं समजत नाई काय?"

नलूबाईंचं तोंड लाजेनं लाल झालं. एवढ्या बायांना आपलं रिकामं घर माहीत होतं आणि कोणी एक शब्द बोललं नव्हतं. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"हसायले काय झालं?" विमलताईचा आवाज आला. ती पाठमोरी वेचतच होती. "साऱ्या जणी माईसाहेबाचंच घेऊन बसल्या. अर्धा अर्धा घंटा ते भाजीवाली दारात काहून उभी राह्यत होती, हे कोणी विचारलं काय? तिले बाकीची भाजी विकायची नव्हती?"

हसू विरलं.

"तिले पहिल्याच दिवशी समजलं असन घरात कोणी नाई म्हणून," विमलताई म्हणाली. "तरीबी रोज विचारे, नात कशी हाय. तिच्या तरी घरी कोण होतं?"

विमलताईच्या घरी कोण कोण आहे, हे नलूबाईंनी आजवर कधी विचारलं नव्हतं. टोळीतल्या कोणीच विचारलं नव्हतं. नलूबाईंनी आपला तास सोडला आणि विमलताईच्या शेजारच्या तासाला येऊन उभ्या राहिल्या. दोन-चार बोंडं वेचली. मग घसा खाकरून म्हणाल्या, "आज काय होते, माईसाहेब दार उघडते आन् भाजीवालीले म्हणते, पाहुणे-बिहुणे काही नाई. तूच आत ये. जेवून जाय."

विमलताईनं वर पाहिलं नाही. हातातला कापूस ओटीत कोंबला.

"भरीत करजो म्हणा," ती म्हणाली. "पण तिखट बेतानं. भाजीवालीले पित्त हाय."