खणखणीत वकील

"तू घरी बस. वकील मी बघतो," असं टकटकरावांनी लेकीला सांगितलं, तेव्हाच त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला.

टकटकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे काय सांगायला हवं? फरश्यांच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म तपासनीस म्हणून काढला. भट्टीतून आलेली फरशी उचलायची, कानाशी धरायची, बोटाच्या पेराने टकटक करायची. खणखणीत वाजली तर पास, बद्द वाजली तर भंगारात. ही खोड पुढे इतकी मुरली की टरबूज असो, शेजाऱ्याचं नवं कपाट असो की डॉक्टरांचं टेबल, ठोकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आयुष्यात एकदाच त्यांनी न ठोकता पसंती दिली होती, ती जावयाला. त्याची टोचणी त्यांना आजही होती.

तो जावई आता वेगळा राहत होता. मारझोड, व्यसन असलं काही नव्हतं हो. दोघांचं पटेना, एवढंच. पण कायमचं वेगळं व्हायची भाषा निघाली आणि तो म्हणाला, "पोरगी माझ्याकडेच राहील." झालं! घरातलं हसणंबोलणंच थांबलं. नात दुसरीत, पुढचे दोन दात पडलेले, दिवसभर आजोबांच्या मागे मागे घरभर सगळं ठोकत फिरायची. तिला कुणी घेऊन जाईल या विचाराने टकटकरावांच्या घशाखाली घास उतरेना. म्हणून वकील हवा होता, आणि तो ऐरागैरा चालणार नव्हता.

"बाबा, मीच जाऊन बघते ना," लेक म्हणाली.

"तुला माणसं ओळखता येत नाहीत."

"आणि यांना येतात!" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "जावई कुणी पसंत केला होता?"

टकटकरावांनी मुकाट्याने चपला घातल्या.

वकिलाची परीक्षा कशी घ्यायची हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. कारखान्यात नवा तपासनीस आला की ते चांगल्या फरश्यांत एक तडकलेली मुद्दाम सरकवत. ज्याला ती सापडली तो कामाचा. वकिलांनाही तोच नियम! आधी त्यांचं टेबल ठोकायचं. मग लग्नापासूनची सगळी हकीगत इत्थंभूत सांगायची, कागद दाखवायचे, आणि मध्येच एक तडा सरकवायचा. सुरुवातीला सांगायचं, नात दुसरीत आहे. शेवटी शेवटी हळूच म्हणायचं, "आणि त्यात पोरीची यंदा दहावी!"

पहिल्या वकिलाची पाटी दारापेक्षा मोठी होती. तो मान डोलावत म्हणाला, "अरेरे! दहावीचं वर्ष म्हणजे नाजूकच." नापास. दुसऱ्याला मध्येच जांभई आली. नापास. तिसऱ्याने मात्र पेन खाली ठेवलं. "एक मिनिट. आत्ता तर दुसरीत होती ना?" टकटकरावांना आनंदाचं भरतं आलं. पण निघता निघता त्यांनी त्याच्या टेबलाला पुन्हा एकदा कान लावला, तर ते बद्द! माणूस पास, टेबल नापास. तोही गेला.

चौथी एक वकीलबाई होती. अरुंद जिना, वर एक लहानशी खोली. तिने त्यांना टेबल ठोकू दिलं, पाणी दिलं, आणि त्यांचं जेमतेम दुसरं वाक्य चालू असताना विचारलं, "मुलगी कुठे आहे?"

"घरी आहे. मी सांगतो ना सगळं."

"संसार कुणाचा?"

"तिचाच. पण बाप मी आहे!"

"मग तिला पाठवा. तुम्ही पुढचं काही सांगू नका."

सांगू नका? टकटकरावांचा पारा चढला. निदान तडा तरी सरकवावा म्हणून ते घाईघाईने म्हणाले, "अहो, पण दुसरीतली पोर ती, यंदा दहावीला बसतेय!"

बाई नुसती हसली. "तिला माझ्या शुभेच्छा सांगा. आणि मुलीला पाठवा."

"मलाच म्हणते, पुढचं सांगू नका! वर शुभेच्छा देते!" घरी येऊन टकटकराव बायकोवर डाफरले. "ठार नापास!" लेकीने तेवढं ऐकलं आणि बाईंचा पत्ता विचारून घेतला.

अशा रीतीने कौटुंबिक दावे घेणारे गावातले झाडून सगळे वकील तपासून झाले. उरला कोण? कोणीच नाही. "घ्या! आता फरशीच उभी करा कोर्टात," बायको म्हणाली. टकटकरावांना रात्री झोप येईना. आपल्या चोखंदळपणापायी पोरीला वकील मिळाला नाही आणि नात हातची गेली तर? ते लेकीच्या नजरेला नजर देईनात. ती मात्र शांत होती. "होईल काहीतरी, बाबा," एवढंच म्हणायची.

आणि रविवारी दुपारी जावई दारात उभा राहिला. लालबुंद.

"बाबा, हा काय डाव मांडलाय तुम्ही?"

"कसला डाव?"

"ज्या वकिलाकडे जावं तो हात जोडतो! म्हणतो, तुमचे सासरे येऊन गेले, सगळी हकीगत सांगून गेले, कागद दाखवून गेले. तिकडचं गुपित ऐकल्यावर तुमची बाजू आम्हाला घेता येणार नाही."

"सगळे असं म्हणाले?"

"तिघं हेच म्हणाले, चौथ्या बाईंनी तर कारणही न सांगता हात जोडले! एकाने तर मलाच विचारलं, तुमची मुलगी दुसरीतून एकदम दहावीत कशी गेली?"

टकटकरावांना क्षणभर काही उमजेना. मग उमजलं, आणि त्यांची छाती अशी काही फुगली की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी. बायको तर त्यांच्याकडे असं बघत होती, जसं तिने लग्नानंतर कधीच बघितलं नव्हतं. "आम्ही विचार करूनच पावलं टाकतो, जावईबापू," ते म्हणाले आणि आता अटी सांगायला म्हणून त्यांनी घसा खाकरला.

"बाबा, तुम्ही आत बसा," लेक म्हणाली.

"अगं, पण..."

"आत, बाबा."

टकटकराव आत गेले आणि त्यांनी भिंतीला कान लावला.

"डाव वगैरे काही नाही," लेक बाहेर सांगत होती. "बाबांना एकही वकील पसंत पडला नाही, म्हणून ते गावभर फिरले. तू परगावचा वकील आण. मी अडवणार नाही."

आत टकटकरावांनी कपाळ बडवून घेतलं. हातात आलेला डाव पोरीने खुशाल सोडून दिला!

"पण आधी एक सांग," ती पुढे म्हणाली. "ती शाळेतून येते तेव्हा तू कुठे असतोस?"

"कामावर."

"मग तिला दार कोण उघडणार?"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तुला ती हवी आहे, की मला हरवायचं आहे? मला हरवायचं असेल तर कोर्टात भेटू. ती हवी असेल तर ऐक. शाळेचे दिवस ती माझ्याकडे. शनिवार-रविवार तुझ्याकडे, चुकवायचे नाहीत. शाळेच्या कार्यक्रमाला आपण दोघं, एकाच रांगेत. तिच्यासमोर मी तुझ्याविषयी वाईट बोललेली नाही, बोलणारही नाही. तूही बोलायचं नाहीस."

आवाज कुठे चढला नाही, कुठे कापला नाही. मग जावयाने हळूच विचारलं, "तिचे दात आले का?"

"एक आलाय. बघून जा. जेवूनच जा."

आत टकटकरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "अहो, भिंतीला काय चिकटलात? पडतेय का ती?" मागोमाग आत आलेली बायको कुजबुजली.

"भिंत नाही गं. आपली पोर ऐकतोय. जन्मभर फरश्या वाजवल्या, पण एवढी खणखणीत एक निघाली नाही बघ!"

दुसऱ्या दिवशी प्रश्न उरला तो ठरलेलं सगळं कायद्याच्या कागदावर आणायचा. "मीच नाक घासत जातो एखाद्याकडे," टकटकराव म्हणाले. लेक म्हणाली, "माझ्याबरोबर चला." आणि तिने त्यांना नेलं ते त्याच अरुंद जिन्याने वर. टेबलावर कागद तयार होता.

"ही? अगं, हिला तर मी नापास केलंय!"

"ज्या दिवशी केलंत, त्याच दिवशी मी हिच्याकडे आले," लेक म्हणाली. "म्हटलं, आमच्या बाबांना गप्प करणारी बाई एकदा बघायलाच हवी. तेव्हाच वकीलपत्र दिलं."

वकीलबाईंनी खुर्ची पुढे केली. "या, आजोबा. नातीची दहावी कशी गेली?"

टकटकराव खुर्चीत मटकन बसले. "म्हणजे तुम्ही ओळखलं होतं?"

"लगेच."

"मग बोलला का नाहीत?"

"घाबरलेल्या आजोबांची उलटतपासणी मी घेत नाही," बाई म्हणाल्या.

लेक कागदाची ओळ न् ओळ वाचत होती. शनिवार-रविवारच्या ओळीपाशी थांबून तिने 'भेटायला' खोडून 'राहायला' लिहून घेतलं, आणि मगच सही केली. टकटकराव तिच्याकडे बघतच राहिले.

जिना उतरताना मोठ्या पाटीवाला तो पहिला वकील समोर आला. "काय, मिळाला का वकील?"

"मिळाला ना!" टकटकराव साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या मुलीने निवडला."

"आणि टेबल? कसं वाजलं?"

टकटकरावांनी हात खिशात घातला.

"या वेळी नाही ठोकलं," ते म्हणाले.