इंदूकाकूंचं कुरडईचं कार्ड

आमच्या शेजारच्या इंदूकाकू भाजी करत नाहीत, भाजी ‘जोडतात’. "फोडणी हा एक कंपोनंट आहे," असं त्या भर गॅसपुढं मला सांगतात. "एकदा बनवाची. मंग वरणात लाव, कढीत लाव, वांग्यात लाव." बरं, मी गेलेलो असतो कोथिंबीर मागायला!

धामणगाव बढ्यात माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. त्यामुळे कॉम्प्युटरमधलं गावात मलाच काय ते कळतं, असा माझा समज होता. साठीला टेकलेल्या या बाईनं व्हिडिओ पाहून पाहून आपल्या पापड-कुरडयांची वेबसाइट उभी केली आणि माझा तोरा उतरवला. पडद्यावर एकेका मालाची चौकट दिसते, ते कार्ड; त्याचा साचा एकच. त्याला ‘पापड’ हे नाव पाठवलं की ते कार्ड पापडाचं, ‘कुरडई’ पाठवलं की कुरडईचं. ‘घ्या’ बटन दाबलं की त्या कार्डावरचा मागणीचा आकडा वाढतो.

मी खोडी काढली. "काकू, पापडाचं बटन दाबलं तं कुरडईचा आकडा काऊन नाही वाढत?"

"तुह्या पोटात भाकर गेली तं माहं पोट भरते काय बे? ज्याचा आकडा त्याच्यापाशी. त्यालेच स्टेट म्हंते."

घ्या! झाली आमची शिकवणी.

काकूंचा एकुलता एक मुलगा नितीन पुण्यात हेच वेबसाइट बनवायचं काम करतो. काका गेल्यापासून दर रविवारी फोन करतो. पूर्वी तो फोन "जेवली? बरी आहे ना? ठेवतो" एवढ्यातच संपायचा, आणि काकू मग घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायच्या.

परवाच्या रविवारी गेलो, तर वेबसाइट झकास चालत होती. काकूंनी चष्मा चढवला आणि कोडमधली आकडा वाढवणारी ओळच पुसून टाकली.

"काकू! चांगलं चालू होतं, मोडून काऊन राह्यल्या?"

"चूप बस." तेवढ्यात फोन वाजला. "हां नितीन, बटन दाबू दाबू थकली रे, आकडाच वाढून नाही राह्यला!"

पोरगं असं खुललं म्हणता! चिडलं, हसलं, समजावत बसलं. मधेच ऑफिसातलं, मेसच्या जेवणाचं, पाठदुखीचंही बोलून गेलं. काकू प्रत्येक वाक्याला "अस्सं काय?" म्हणत होत्या. चेहरा नुसता फुललेला.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "तुम्हाले तं सारंच येते!"

"येते ना. पण त्याले सांगू नोको." मग जरा पुढं सरकून म्हणाल्या, "येत्या रविवारी काय मोडू, सांग बरं."

मी सुचवलं, "बटनाचा रंग घालवा."

"ते नोको बे, ते दोन मिनिटांत होते. काही अवघड सांग."